खुली आकडेवारी, बंद करार

मॉरिशस सरकारने 2017 साली खुल्या शासकीय माहितीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पर्यटक किती आले, ऊस किती पिकला, महागाई किती वाढली, हे तेथील नागरिकाला आज घरबसल्या पाहता येते. ही आकडेवारी निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. वेतनवाढीसाठी झगडणाऱ्या कामगार संघटनेला महागाईचा अधिकृत आकडा हाती लागतोच. परंतु कोणते कपाट उघडावयाचे आणि कोणत्याला कुलूप ठोकावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार सत्ताधाऱ्यांनी स्वतःकडेच राखला आहे.

आगालेगाचेच पाहा. मुख्य बेटापासून सुमारे 1,100 किलोमीटर उत्तरेकडील या दोन बेटांवर जेमतेम तीनशे माणसे राहतात. नारळाच्या बागा हाच त्यांचा पूर्वापार आधार. मार्च 2015 मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्या सरकारांनी या बेटांविषयी करार केला. 29 फेब्रुवारी 2024 रोजी तेथील तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्टीचे व नव्या धक्क्याचे उद्घाटन दोन्ही पंतप्रधानांनी केले. मधल्या नऊ वर्षांत कराराचा मजकूर मात्र जनतेपुढे आला नाही. तीनशे रहिवाशांसाठी एवढी धावपट्टी कशाला, हा प्रश्न उठणे स्वाभाविक होते. ‘लालित’ या डाव्या पक्षाने (क्रिओल भाषेत या शब्दाचा अर्थच ‘लढा’ असा आहे) आगालेगाच्या लष्करीकरणाला विरोध केला.

ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. 1965 मध्ये ब्रिटिश साम्राज्यवाद्यांनी चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि 1968 ते 1973 या काळात तेथील रहिवाशांना हुसकावून दिएगो गार्सिया अमेरिकेच्या लष्करी तळासाठी मोकळे केले. त्या मोबदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत मिळालेली 1 कोटी 40 लाख डॉलरची सूट खुद्द ब्रिटिश संसदेपासूनही दडविण्यात आली होती. गुप्त करारांची किंमत कोण मोजतो, हे चागोसवासीयांना कोणी शिकवावयास नको.

भांडवलाच्या बाबतीतही तोच प्रकार. परदेशी कंपन्या मॉरिशसचा आडोसा घेऊन कर कसे चुकवितात, याचे तपशील 2019 मध्ये बाहेर आले, ते सरकारी संकेतस्थळावरून नव्हे. एका कायदा-सल्लागार कंपनीचे कागद फुटले म्हणून.

2014 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने माहितीस्वातंत्र्याच्या कायद्याचे वचन दिले होते. 2024 मध्ये तिचा दारुण पराभव झाला तरी तो कायदा झालेला नव्हता. विजयी विरोधकांनीही तेच वचन नव्याने दिले. वचनांनी कपाटे उघडत नसतात. भारतात 2005 चा कायदा झाला, त्यामागे राजस्थानातील मजुरांनी हजेरीपट पाहण्यासाठी दिलेला लढा होता. आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्यालाही कात्री लावण्यात आली.

आगालेगा कराराची एक प्रत दिल्लीतही आहे. ती संसदेच्या पटलावर ठेवावी, ही मागणी भारतातील डाव्या शक्तींनीच लावून धरावयास हवी.