फ्लॅश बंद!

आम्हा नाशिककरांचा समुद्र म्हणजे गंगापूर धरणाचं बॅकवॉटर! म्हणून वेळासला गेले तेव्हा खरं सांगते, कासवांपेक्षा फोटोंचीच ओढ जास्त होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली. पिल्लं उजेडाकडे चालतात. समुद्रावरचं उजळ क्षितिज हीच त्यांची वाट. माझा फ्लॅश उडाला आणि एक पिल्लू चक्क माझ्याकडे वळलं. "ताई, फ्लॅश बंद करा," गावातले काका म्हणाले. फार ओशाळले. कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी कच्चं असेल, पण 'पाहुणा' शब्दाचा अर्थ तेव्हा नीट कळला. मित्रांनो, फोटो जरूर काढा, पण दोरीच्या अलीकडून, फ्लॅशशिवाय. फोटो अंधारा आला तरी चालेल, पिल्लू समुद्रात पोचायला हवं.