लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झिरो’: अल्बम एकच, मग चाहत्यांची भांडणं तीन का?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस लिंकिन पार्कच्या वेबसाइटवर एक घड्याळ दिसायला लागलं. शंभर तासांचं काउंटडाउन. जगभरातले चाहते त्याकडे डोळे लावून बसले. घड्याळ शून्यावर आलं आणि काहीच झालं नाही. उलट ते शून्यापासून पुढे मोजायला लागलं. लोक वैतागले. काहींना तर वाटलं, वेबसाइटच गंडली.

त्याचा उलगडा ५ सप्टेंबरला झाला. लाइव्हस्ट्रीम सुरू झालं, माइक शिनोडाने नवं गाणं गायला घेतलं. पहिलं कडवं त्याचंच, ध्रुवपदही त्याचंच. दुसऱ्या कडव्याला एक बाई गात स्टेजवर आली. ती होती ‘डेड सारा’ या बँडची गायिका एमिली आर्मस्ट्राँग. चेस्टर बेनिंग्टन गेल्यानंतर सात वर्षांनी लिंकिन पार्कच्या माइकवर दुसरं कुणीतरी उभं होतं. ड्रमवरही जुना रॉब बोर्डन नव्हता, कॉलिन ब्रिटन होता.

१५ नोव्हेंबरला अल्बम आला, ‘फ्रॉम झिरो’. अकरा ट्रॅक, जेमतेम ३२ मिनिटं. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट दुसरा, ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. पुढे ग्रॅमीच्या ‘सर्वोत्तम रॉक अल्बम’ विभागात नामांकन. आकडे बघितले तर विषय इथेच संपायला हवा होता.

पण संपला नाही. जानेवारी २०२६ च्या ‘लोलापलूझा इंडिया’साठी बँड मुंबईत येणार असं जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडेही हेच. अर्धे तिकिटाच्या मागे, अर्धे म्हणणार, “चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही, विषय संपला.”

या वादात बहुतेक लोक एकमेकांच्या मुद्द्याला उत्तरच देत नाहीत. कारण वाद एक नाही, तीन आहेत आणि ते एकाच वाक्यात कोंबले जातात. “अल्बम फालतू आहे” म्हणणाऱ्याला नक्की काय खटकतंय? गाणी, नाव की गायिका? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला प्रश्न: नाव कुणाचं?

मुख्य गायक गेल्यावर बँड चालू ठेवायचा की नाही, हा प्रश्न हार्ड रॉकला नवा नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये ‘एसी/डीसी’चा बॉन स्कॉट गेला. जुलैमध्ये, म्हणजे पाचच महिन्यांत, ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी ‘बॅक इन ब्लॅक’ काढला. तो जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये गणला जातो. ‘व्हॅन हेलन’मधून डेव्हिड ली रॉथ बाहेर पडला आणि सॅमी हेगर आला, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी बँडचं नाव ‘व्हॅन हेगर’ करून टाकलं. पण त्याच जोडीचा १९८६ चा ‘५१५०’ हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम ठरला. ‘अ‍ॅलिस इन चेन्स’ने लेन स्टेलीच्या मृत्यूनंतर नवा अल्बम काढायला सात वर्षं घेतली, लिंकिन पार्कइतकीच. आणि ‘क्वीन’ने पॉल रॉजर्सबरोबर २००८ मध्ये अल्बम केला तेव्हा कव्हरवर सरळ ‘क्वीन + पॉल रॉजर्स’ लिहिलं. फ्रेडी मर्क्युरीची जागा आम्ही भरली नाही, शेजारी खुर्ची ठेवली, असा त्याचा अर्थ.

मग लिंकिन पार्कलाच एवढा त्रास का?

कारण चेस्टर काय गायचा, ते बघायला हवं. लहानपणी झालेलं लैंगिक शोषण, व्यसनं, नैराश्य याबद्दल तो उघड बोलायचा आणि तेच गाण्यांत यायचं. ‘क्रॉलिंग’ या गाण्याला हार्ड रॉक सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं, ते गाणंही आपलाच स्वतःवर ताबा नसण्याबद्दलचं. २० जुलै २०१७ ला त्याने आयुष्य संपवलं आणि चाहत्यांसाठी प्रत्येक जुन्या ओळीचा अर्थ बदलला. ज्या आवाजाने आपल्याला वाईट दिवसांतून बाहेर काढलं, तोच माणूस बाहेर पडू शकला नाही, हे पचवणं सोपं नाही. (मन फार अस्वस्थ असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.)

आपल्याकडे नाटकात रिप्लेसमेंट होते. ‘नटसम्राट’मध्ये डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट उभे राहिले आणि लोकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. पण बेलवलकर शिरवाडकरांचे होते, लागूंचे नव्हते. इथे मात्र भूमिका आणि माणूस एकच आहे, असं चाहत्यांना वाटतं.

‘वाटतं’ असं मुद्दाम लिहिलंय. कारण बँड सुरू झाला तो १९९६ च्या सुमारास ‘झीरो’ नावाने (इंग्रजीत ‘झेड’ऐवजी ‘एक्स’) आणि तेव्हा त्यात चेस्टर नव्हताच. गायक मार्क वेकफील्ड होता. चेस्टर १९९९ मध्ये आला, आधीच्या गायकाच्या जागी. ज्या शब्दांना आपण ‘चेस्टरचे’ म्हणतो, त्यातल्या कितीतरी शब्दांमागे शिनोडाही होता. त्यामुळे ‘नाव वापरायचा यांना हक्क नाही’ हा मुद्दा तथ्यावर टिकत नाही. पण चेस्टरच्या मुलानेही या निर्णयावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि त्याच्यासमोर जाऊन ‘तथ्य असं आहे बरं का’ म्हणण्यात काही अर्थ नाही. हक्क असणं आणि दुखणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

दुसरा प्रश्न: गाणी कशी आहेत?

या वादात सगळ्यात कमी बोललं गेलं ते गाण्यांवरच.

आमच्या पिढीतल्या अनेकांना लिंकिन पार्क भेटला तो ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या शेवटी, नाहीतर कुणा दादाने ब्लूटूथवर पाठवलेल्या ‘इन दि एंड’मधून. त्या कानांना ‘फ्रॉम झिरो’ पहिल्याच झटक्यात ओळखीचा वाटतो, आणि तो तसा वाटावा अशीच त्याची रचना आहे. ‘टू फेस्ड’मध्ये जो हानचं स्क्रॅचिंग, शिनोडाचं रॅप, मग किंचाळी. हा २००० च्या ‘हायब्रिड थिअरी’चा सरळ फॉर्म्युला. ‘कट द ब्रिज’ची चाल ऐकताना ‘ब्लीड इट आउट’ आठवल्याशिवाय राहत नाही. ‘हेवी इज द क्राउन’मध्ये एमिली पंधरा-सोळा सेकंदांची एक किंचाळी ठोकते. २००७ च्या ‘गिव्हन अप’मधली चेस्टरची सतरा सेकंदांची किंचाळी ज्यांना माहीत आहे, त्यांना हा निरोप कुणासाठी आहे ते लगेच कळतं.

आता गंमत बघा. २००७ मध्ये ‘मिनिट्स टू मिडनाइट’ आला तेव्हा तक्रार होती की जुना आवाज कुठे गेला. २०१० च्या ‘अ थाउजंड सन्स’ने तर निम्मे चाहते गमावले असंच लोक बोलायचे, आज त्यालाच बँडचं सर्वात धाडसी काम म्हणणारे भरपूर सापडतात. २०१७ चा ‘वन मोअर लाइट’ पॉपकडे गेला म्हणून चेस्टरला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्या काळातल्या त्याच्या मुलाखतींतल्या चिडचिडीतून दिसतं. थोडक्यात, सतरा वर्षं लोकांनी ‘हायब्रिड थिअरी’सारखं काहीतरी द्या म्हणून गळा काढला. बँडने ते दिलं, आणि आता तक्रार काय? जुनंच उगाळलंय.

पण ही तक्रार मला पूर्ण चुकीची वाटत नाही. या बँडची ख्याती प्रत्येक वेळी अंगावर धोका घेण्याची होती. इथे धोका गायिका निवडण्यात घेतला आणि म्हणूनच बहुधा संगीतात घेतला नाही. नवा आवाज स्वीकारायला लोकांना ओळखीचं घर लागतं, हे शिनोडाला नेमकं कळलं. ‘द एम्प्टीनेस मशीन’ची बांधणीच बघा. आधी ओळखीचा आवाज, ओळखीचं ध्रुवपद, आणि मगच पाहुणी आत येते. धंद्याच्या दृष्टीने हुशार, गाणं म्हणूनही उत्तम. मात्र सगळा अल्बम त्याच भीतीवर उभा राहिला की ‘स्टेन्ड’सारखी गाणी येतात, जी ऐकताना वाईट वाटत नाहीत आणि संपल्यावर आठवतही नाहीत.

एमिली सगळ्यात मोकळी होते ती जिथे चेस्टरची सावली नाही तिथे. ‘कॅज्युअल्टी’ हे जवळपास हार्डकोर पंक आहे, अंगावर धावून येणारं, आणि त्यात तिचा खरबरीत आवाज स्वतःच्या मालकीचा वाटतो. दुसऱ्या टोकाला ‘ओव्हरफ्लो’, संथ, इलेक्ट्रॉनिक, हळूहळू दाटत जाणारं. या दोन गाण्यांच्या दिशेने अख्खा अल्बम गेला असता तर लोक कदाचित जास्त भडकले असते, पण निदान भांडण नव्या गोष्टीवर झालं असतं.

‘सात वर्षांत ३२ मिनिटं?’ या तक्रारीत मात्र दम नाही. ‘हायब्रिड थिअरी’ ३८ मिनिटांच्या आत संपतो, ‘मेटिओरा’ त्याहूनही छोटा. हा बँड कधीच पाल्हाळ लावणारा नव्हता.

तिसरा प्रश्न, ज्याचा गाण्यांशी संबंध नाही

एमिलीचं नाव जाहीर होताच दोन गोष्टी समोर आल्या. एक, सायंटॉलॉजी या वादग्रस्त पंथाशी तिचा संबंध. दुसरी जास्त गंभीर. अभिनेता डॅनी मास्टरसनवर बलात्काराचा खटला चालू होता, तेव्हा सुरुवातीच्या एका सुनावणीला ती त्याच्या बाजूने हजर होती. मास्टरसन २०२३ मध्ये दोषी ठरला आणि त्याला किमान ३० वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली.

दुसऱ्याच दिवशी एमिलीने इन्स्टाग्रामवर खुलासा केला. मित्र समजून आपण एका सुनावणीला गेलो होतो, जायला नको होतं हे लवकरच लक्षात आलं, त्यानंतर त्याच्याशी कधी बोललो नाही, पीडितांबद्दल सहवेदना आहे, असा त्याचा आशय. मास्टरसनचं नाव त्यात नव्हतं, सायंटॉलॉजीबद्दलही त्यात काही नव्हतं.

एवढं पुरेसं आहे का, हे प्रत्येकाने आपलं ठरवायचं. काहींना ते प्रामाणिक वाटलं, काहींना वकिलाला दाखवून लिहिल्यासारखं. पण या मुद्द्याला ‘अरे पण गाणं बघ किती भारी आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. चेस्टर स्वतः लैंगिक शोषणातून गेलेला होता, त्याच्या गाण्यांना धरून उभे राहिलेले अनेक श्रोतेही. त्यांना हा संबंध टोचला तर त्याला नाक मुरडणं म्हणायचं नाही.

यात एक गोची झाली. ज्यांचा खरा आक्षेप ‘बाई कशाला घेतली’ एवढाच होता, तेही याच मुद्द्याच्या आड लपले. आणि उलट बाजूने, ज्यांचा आक्षेप खरोखर मास्टरसन प्रकरणावर होता, त्यांना बँडच्या समर्थकांनी ‘तुम्हाला बायकाच चालत नाहीत’ म्हणून उडवून लावलं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना सोयीचं लेबल लावलं आणि ज्याला खरंच काही विचारायचं होतं, तो मधल्या मध्ये गप्प झाला.

या सगळ्यात बँड थांबलेला नाही. मे २०२५ मध्ये ‘फ्रॉम झिरो’ची डिलक्स आवृत्ती तीन नव्या गाण्यांसह आली, त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग फायनलआधी त्यांनी मैदानात वाजवलं. ‘जुना आवाज परत आला’ ही पाटी मात्र एकदाच लावता येते. पुढच्या अल्बमला घड्याळ शून्यावर नसेल, आणि तेव्हा ‘कॅज्युअल्टी’ची वाट धरायची की पुन्हा ‘टू फेस्ड’ची, हे शिनोडा आणि एमिलीला ठरवावं लागेल.