नाण्यांच्या पेटींतून : कवडीचें कुलवृत्त

मागील अंकीं पूर्व आफ्रिकेच्या नाण्यांचा परामर्श घेतला. आज पश्चिम किनाऱ्यावरील घानाकडे वळूं. आमच्या संग्रहांत या देशाची १९५८ सालची एक काशाची पेनी आहे. ती घरीं आली तेव्हां तिच्यावर सुरेख तपकिरी झांक होती. देवघरांतील ताम्हन चिंचेनें लख्ख होतें, मग हीच कां होऊं नये, अशा समजुतीनें आम्हीं ती स्वहस्तें घांसली. पेनी चकाकली खरी. पण संग्राहकाच्या लेखीं तिचें मोल गेलें. सूनबाईंनीं आधींच बजावलें होतें, हेंही नमूद करणें प्राप्त आहे. वाचकांनीं जुन्या नाण्यास चिंच, लिंबू, रांगोळी कांहींएक लावूं नये.

पेनीच्या एका अंगास पंचकोनी तारा व दुसऱ्या अंगास क्वामे एन्क्रुमा यांची मुखमुद्रा आहे. भोंवतीं लॅटिन अक्षरें आहेत. त्यांचा अर्थ ‘घाना राष्ट्राचा संस्थापक’. घाना ६ मार्च १९५७ रोजीं स्वतंत्र झाला, तथापि १ जुलै १९६० पर्यंत ब्रिटनची राणीच त्याची नाममात्र अधिपति होती. अशा स्थितींत नाण्यावरून राणी जाऊन पंतप्रधान आले, म्हणून बराच गिल्ला झाला. एन्क्रुमांचें म्हणणें असें कीं, ज्या प्रजेस अक्षरओळख नाहीं तिला स्वातंत्र्य चिन्हांनींच दाखविलें पाहिजे. जन्मभर फळ्यापुढें उभें राहिलेल्या आम्हांस हें पटतें. मात्र त्या निरक्षर प्रजेसाठीं पदवी लॅटिनमध्यें कां कोरली? अर्थात् संस्कृत दानपत्रांचें कौतुक करणाऱ्या आम्हीं याविषयीं फार बोलणें शोभत नाहीं.

१९६५ सालीं पौंड-शिलिंग टाकून ‘सेडी’ व ‘पेसेवा’ हीं नांवें आलीं. पेसेवा म्हणजे सोनें तोलतांना सर्वांत लहान वजन म्हणून वापरावयाचें गडद निळें बीं. आपल्या सोनारांची गुंजच म्हणा ना! आणि सेडी हा शब्द तेथील अकान भाषेंतील कवडीच्या नांवावरून आला आहे. ही कवडी मूळची मालदीवच्या समुद्रांतील. आपल्या बंगालांत ती शतकानुशतकें चलन होती. डच व इंग्रज व्यापाऱ्यांनीं ती जहाजें भरभरून पश्चिम आफ्रिकेस नेली व तिच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं. आपण ‘कवडीमोल’ म्हणतों. तेथें मनुष्याचें मोल खरोखरीच कवड्यांनीं ठरलें. पूर्वज जिनें विकले गेले तिचेंच नांव स्वतंत्र राष्ट्रानें नाण्यास द्यावें, हें प्रथम आम्हांस रुचलें नाहीं. पुढें मत पालटलें. कवडी कांहीं एकट्या गुलामांच्या व्यापाऱ्याची नव्हती. बाजारांत बसणाऱ्या गरीब बायांच्या ओंच्यांतही तीच होती.

एन्क्रुमांचें मात्र तसें सोपें नाहीं. ही पेनी निघाली त्याच १९५८ सालीं विरोधकांस चौकशीवांचून कोंडून ठेवण्याचा कायदाही झाला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजीं ते परदेशीं असतां लष्करानें सत्ता घेतली. आक्रा येथील त्यांचा पुतळा पाडण्यांत आला. १९६७ च्या नाण्यांवर संस्थापकाच्या जागीं ढोल व कोको आले. १९७२ सालीं बुखारेस्ट येथें त्यांचें देहावसान झालें. पुढें २०१० सालीं दोन सेडींच्या नोटेवर त्यांची मुद्रा परत अवतरली.

पेटींत पेनी कोणत्या अंगानें वर ठेवावयाची, असें नातवानें परवां विचारलें. तूर्त आम्हीं तारा वर ठेवला आहे.