ट्रॅप लावा, पण मॅचमध्येच!

'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये क्लेमोर लावायला डोकं लागतं. मोकळ्या मैदानात ठेवला तर तो वाया जातो. दाराच्या आत, जिन्याच्या वळणावर, म्हणजे समोरचा घाईत असतो आणि खाली बघत नाही, तिथे तो लावायचा. तोंड त्याच्या वाटेकडे ठेवायचं, कारण स्फोट पुढच्या दिशेने होतो. पाठीमागची वाट क्लेमोरने राखली आणि समोर बंदूक धरली, की निम्मी मॅच खिशात!

यात गैर काही नाही. पण गेममधला ट्रॅप मॅच संपली की गायब होतो, खरा होत नाही. युद्ध संपल्यावरही भूसुरुंग माणसं मारत राहतात, म्हणूनच १९९७ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा ओटावा करार झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यातलं लष्कराचं के. के. रेंज आठवा. सराव संपतो, पण न फुटलेला एखादा गोळा मातीत राहतो. भंगार म्हणून असे गोळे हाताळताना खारे कर्जुने परिसरात जीव गेले आहेत. तिथे रिस्पॉन नसतो.

चांगला प्लेअर ट्रॅप ओळखतो आणि मागे सरतो. तेच इथेही करायचं. अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, इतरांना लांब ठेवायचं आणि ११२ ला फोन करायचा. एनएसएसच्या पुढच्या शिबिरात रेंजलगतच्या गावांत एवढं जरी सांगितलं, तरी ती मॅच जिंकलीच समजा.