ते शब्द येतात कुठून?

माझ्या थोरल्या भावाची नात नागपूरला फॅशन डिझाइनचा अभ्यासक्रम करते. सुटीत ती चंद्रपूरला आली होती, तेव्हा एका संध्याकाळी तिने मला लॅपटॉपवर एक माहितीपट दाखवला. विषय होता जॉन गॅलियानो. कपड्यांच्या बाबतीत माझे ज्ञान म्हणजे बँकेत लागलो तेव्हा वडिलांनी शिवून दिलेले दोन सफारी, त्यापुढे ते कधी गेले नाही. तरीही दोन तास जागचा हललो नाही. संपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, एवढा मोठा माणूस असं बोललाच कसा? दारूमुळेच ना?"

'हो' म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. तसे म्हणवले नाही, आणि का म्हणवले नाही ते सांगायचे तर आधी त्या माणसाची हकिगत सांगायला हवी.

गॅलियानो १९६०चा, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. जन्म जिब्राल्टरचा, बाप प्लंबर. सहा वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आले. १९८४ साली कलाशाळेतून बाहेर पडताना त्याने जे कपडे मांडले, तेवढ्यावर त्याचे नाव झाले. १९९५ साली पॅरिसच्या जिव्हाँशी या पेढीने त्याला बोलावले आणि पुढच्याच वर्षी तो ख्रिस्तिआन दिऑरच्या गादीवर बसला. प्लंबरच्या पोराने फ्रान्सची सगळ्यांत मानाची पेढी पंधरा वर्षे चालवली. राजवाड्यातल्या उत्सवासारखे त्याचे सोहळे असत आणि शेवटी तो स्वतः कधी समुद्री चाच्याच्या तर कधी अंतराळवीराच्या वेषात मंचावर येई. सरकारने 'लीजन ऑफ ऑनर' देऊन त्याचा सन्मानही केला.

२४ फेब्रुवारी २०११ च्या रात्री पॅरिसच्या मारे भागातल्या 'ला पेर्ल' या कॅफेत त्याने शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला ज्यू आणि आशियाई वंशावरून शिवीगाळ केल्याची तक्रार झाली व पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. मारे हा ज्यूंच्या जुन्या वस्तीचा भाग. १९४२ च्या जुलैत फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि आसपासचे तेरा हजारांवर ज्यू पकडले, त्यांत बायका आणि हजारो मुलेही होती. तिथून पुढचा रस्ता आउशवित्झला गेला. चार दिवसांनी एका इंग्रजी वृत्तपत्राने त्याच कॅफेतली काही महिन्यांपूर्वीची चित्रफीत छापील मजकुरासह बाहेर काढली. तीत तो झिंगलेल्या आवाजात हिटलरवर आपले प्रेम असल्याचे सांगतो, आणि समोरच्यांना म्हणतो की तुमच्यासारखे लोक आज जिवंत नसते, तुमच्या आया, तुमचे पूर्वज वायूने मारले गेले असते.

दिऑरच्या अत्तराच्या जाहिरातीत झळकणारी, इस्राएलमध्ये जन्मलेली नॅटली पोर्टमन नुकतीच ऑस्कर जिंकली होती. तिने उघड निषेध केला. १ मार्चला कंपनीने गॅलियानोला काढून टाकत असल्याचे जाहीर केले. कपड्यांचा सोहळा ४ मार्चला ठरलेलाच होता, तो झाला. सुरुवातीला कंपनीचे प्रमुख सिडनी टोलेडानो बोलले. ते स्वतः ज्यू. शेवटी गॅलियानो ज्या जागी यायचा, तिथे पांढरे डगले घातलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाया आणि कारागीर येऊन उभे राहिले. इतकी वर्षे कपडे शिवले ते त्यांनीच. माहितीपटात मला सगळ्यांत जास्त काय आवडले म्हणाल, तर ते पांढरे डगले.

त्याच पेढीचा आणखी एक धागा सांगायला हवा. ख्रिस्तिआन दिऑरची बहीण कॅथरिन जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती. १९४४ साली पकडली गेली आणि राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवली गेली. वाचून परत आली. 'मिस दिऑर' हे अत्तराचे नाव तिच्यावरूनच. ज्या घराच्या लेकीने ती छावणी सोसली, त्याच घराचा दिवाणजी हिटलरवर प्रेम असल्याचे सांगत होता.

खटल्यात गॅलियानोने माफी मागितली. दारू, झोपेच्या गोळ्या, व्हॅलियम यांचे व्यसन होते, काहीच आठवत नाही, असे सांगितले. ८ सप्टेंबर २०११ रोजी न्यायालयाने दोषी ठरवले. एकूण ६,००० युरोंचा दंड, तोही स्थगित. पुढच्या वर्षी 'लीजन ऑफ ऑनर'ही काढून घेण्यात आला.

आता दारू. बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ पिणारे पाहिले. एक हेडकॅशियर होते. चढली की ते रडत आणि आईची आठवण काढत. एक शिपाई अभंग म्हणे. दारू कपाटाचे दार उघडते हे खरे, पण कपाटात वस्तू ठेवायला ती येत नाही. गॅलियानो शुद्धीवर असताना ज्यूंचा द्वेष करत होता असे त्याला ओळखणारे म्हणत नाहीत. मला ते पटते, आणि त्यानेच मी अधिक अस्वस्थ होतो. द्वेष नसतानाही ते शब्द आत कुठेतरी तयार होते. कुठल्या तरी अंगणात, शाळेत, गल्लीत ऐकलेले असतील.

तुम्ही म्हणाल, हे युरोपचे दुखणे, आपल्याला त्याचे काय? महाराष्ट्राने ज्यूंना कधी छळले नाही ही अभिमानाची गोष्ट आहे. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आलेले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागला. पेणकर, राजपूरकर, किहीमकर अशी आडनावे घेऊन ते आपल्यात मिसळले. मुंबईला १९३७ साली डॉ. ई. मोझेस महापौर झाले, पडद्यावरचे आपले डेव्हिडही त्यांच्यातलेच. इस्राएलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. सगळे खरे.

पण २००६ साली नवी मुंबईत, खारघरला, 'हिटलर्स क्रॉस' नावाचे हॉटेल उघडले. आत हिटलरचे चित्र. ज्यू मंडळींनी विरोध केला तेव्हा मालकाने नाव बदलले. २०१२ साली अहमदाबादला कपड्यांचे एक दुकान निघाले, त्याचे नावच 'हिटलर'. मालकाचे म्हणणे असे की भागीदाराच्या आजोबांना कडक स्वभावामुळे लोक हिटलर म्हणत, त्यावरून ठेवले. ते मला अगदी खरे वाटले. कारण मी शाखा व्यवस्थापक असताना माझेही टोपणनाव तेच होते. दहाच्या ठोक्याला मस्टर आत घ्यायचो म्हणून. निरोप समारंभात एका सहकाऱ्याने भाषणात 'आमचे हिटलरसाहेब' म्हटले, टाळ्या पडल्या, आणि मीही खूश होऊन हसलो. साठ लाख माणसे मारणारा आपल्याकडे शिस्तीचे मास्तर होऊन बसला आहे. त्यात ज्यूंचा द्वेष नाही. त्यांची आठवणच नाही.

खरी गोष्ट मात्र याहून जवळची आहे.

आमचे घर जटपुरा गेटच्या आत, म्हणजे गोंड राजांनी बांधलेल्या कोटाच्या आत. महाकालीचे देऊळ उभारले ते राणी हिराईने, आपल्या नवऱ्याची, बीरशहाची समाधी अंचलेश्वराजवळ बांधली तीही तिनेच. १८५८ साली बाबुराव शेडमाकेंना फाशी झाली ती इथल्याच तुरुंगात. सारे शहरच गोंडांचे. आणि त्याच कोटाच्या आत आमच्या आळीत पोराने केस विंचरले नाहीत, उष्ट्या हाताने भांडे धरले, की आया म्हणत, "गोंडासारखा काय राहतो रे!" माझी आई म्हणे. ती माउली दारी आलेल्याला उपाशी पाठवत नसे. द्वेष तिच्या मनाला शिवलेला नव्हता. शब्द मात्र होता, आणि तो आमच्या दुधाबरोबर पोटात गेला.

१९९१ सालचा मे महिना. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम, पैसे काढणाऱ्यांची झुंबड, वीज गेलेली. दोनला कॅश बंद झाली. अडीचच्या सुमारास एक म्हातारा माडिया दाराशी आला. पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, सोबत आश्रमशाळेत शिकणारा नऊ-दहा वर्षांचा नातू. पहाटे निघून चालत आले होते. दोनशे रुपये काढायचे होते. मी वेळ संपल्याचे सांगितले. त्याला कळले नाही, तो हसून तिथेच उभा राहिला. ते हसणे मला का झोंबले कोण जाणे. सगळ्या हॉलसमोर मी मोठ्याने म्हणालो, "तुम्हा लोकांना माणसात यायला अजून शंभर वर्षं लागतील!" क्लार्क हसले, रांगेतले ठेकेदाराचे मुनीम हसले. दारू माझ्या पोटात थेंबभर नव्हती.

म्हाताऱ्याने नातवाकडे पाहिले. पोराने माडियात काहीतरी चार शब्द सांगितले. म्हातारा 'जोहार' करून गेला आणि रात्री समोरच्या झाडाखाली झोपला. सकाळी सगळ्यांत आधी त्याला पैसे मिळाले. आमच्या शिपायाला माडिया येत असे. संध्याकाळी कुलूप लावताना तो म्हणाला, "साहेब, पोरानं बुढ्याला काय सांगितलं माहीत आहे का? साहेब म्हणतात, उद्या या."

अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९चा, लागू झाला ३० जानेवारी १९९० पासून. आदिवासीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्यात गुन्हा आहे. कॅफेतल्या शब्दांसाठी फ्रान्समध्ये जसा कायदा होता, तसा माझ्यासाठी इथे होता. मला तो त्या दिवशी आठवलाही नाही. तिथे तक्रार करणाऱ्यांना भाषा येत होती आणि पोलीस ठाणे माहीत होते. इथे ज्याला भाषा येत होती त्याने ती आजोबांना वाचवण्यासाठी वापरली. दुसऱ्या वर्षी मला बढती मिळाली. गॅस चेंबर आणि बँकेचा हॉल एका तराजूत घालण्याइतका मी खुळा नाही. पण शब्दांची जात विचाराल, तर समोरचा माणूस माणसांत मोडत नाही, हेच त्याने म्हटले आणि मीही तेच म्हटले.

गॅलियानो पुढे व्यसनमुक्तीसाठी गेला. ज्यूंचा इतिहास वाचला, एका रब्बीकडे जाऊन बसला. २०१४ साली मार्जिएला या पेढीने त्याला काम दिले. तिथे तो दहा वर्षे होता. ते नाटक होते असे म्हणणारे आहेत, माहितीपटातही त्याची काही उत्तरे मला गुळमुळीत वाटली. तरी माझे मत असे की त्याला परत येऊ दिले ते योग्यच झाले. निदान त्याच्यापुढे चित्रफीत धरली गेली, आणि हा तूच, असे त्याला पाहावे लागले. आमच्यासारख्यांची चित्रफीत कुणी काढली नाही.

हे सगळे मी नातीला त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने गॅलियानोच्या १९९७ सालच्या, दिऑरमधल्या पहिल्या सोहळ्याची चित्रे काढून दाखवली. उंच गोऱ्या मुली, आणि त्यांच्या गळ्यात आफ्रिकेतल्या मसाई बायकांसारखे मण्यांचे थरच्या थर. तिला म्हणे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात माडिया बायकांच्या मण्यांच्या माळांवर काम करायचे आहे. "तुम्ही तिकडे होता ना? मला घेऊन चला."

मी आधी तिला विचारले की माळा कोणाकडून घेणार, पैसे किती देणार आणि करणारणीचे नाव प्रकल्पात कुठे लिहिणार. ती म्हणाली, "पहिल्याच पानावर." आम्ही फेब्रुवारीत निघतो आहोत. तो मुलगा आता पंचेचाळिशीचा असेल. नाव मला माहीत नाही. खात्याच्या लेजरमध्ये आजोबाचा अंगठा होता, नातवाचे काहीच नव्हते. शिपायाचा मुलगा अजून त्या गावात असतो, त्याला निरोप धाडला आहे.