खाणावळीची वही वारशात केव्हा जमा होणार?

१/ मुंबईतील वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलत्‌चित्रांचा खेळ झाला. हॉटेल केव्हाच बंद पडले, तरी त्याची लोखंडी सांगाड्याची इमारत आजही वारसा म्हणून ओळखली जाते. १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलाचा इतिहास तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्याच काळात या शहरातील हजारो कामगार जिथे रोज जेवत होते, त्या खाणावळींचा इतिहास मात्र अजून नीट नोंदलाही गेलेला नाही. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ आधी शब्दांकडे पाहू. प्रवाशाला निवारा देई ती धर्मशाळा. तिथे शिधा बहुधा ज्याचा त्यानेच शिजवायचा. गरीब विद्यार्थ्यासाठी माधुकरी होती, वार होते. अनोळखी माणसाच्या हातचे रोज दोन वेळचे जेवण महिन्याच्या दराने विकत घेणे, ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती शहरात. खाणावळ हे गावाचे नव्हे, तर औद्योगिक नगराचे अपत्य आहे.

३/ १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे कोकणातून आणि घाटावरून कामगारांचे लोंढे आले. बायका-मुले गावीच राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या पुरुषांना रांधून वाढणार कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खाणावळ.

४/ बहुतेक खाणावळींना पाटी नव्हती. चाळीतली दहा बाय बाराची खोली, एक चूल किंवा स्टोव्ह आणि पहाटेपासून राबणारी एक बाई. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे पंगती उठत. हिशेब वहीत मांडला जाई आणि पगार झाला की चुकता होई. पगार होईपर्यंतचे धान्य बाई उधारीवर आणी. म्हणजे गिरणी कामगाराच्या महिनाभराच्या पोटाला भांडवल पुरवत होती ती ही बाईच. आणि त्या भांडवलावरचे सावकारी व्याजही तीच भरत होती.

५/ हे ओळखले प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. बँकेच्या कागदावर नाव आले, तेव्हा ‘घरकाम’ प्रथमच ‘व्यवसाय’ ठरले.

६/ मात्र खाणावळीचे उदात्तीकरण इतिहासाला मानवणारे नाही. पंगत सहसा गावकीची, नात्यागोत्याची आणि म्हणून जातीची असे. सी. के. बोले यांचा नव्हे, तर सीताराम केशव बोले या पूर्ण नावाने ओळखला जावा असा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. जेवायला कुठे बसता येते, हा या देशात मूलभूत हक्कात लिहून ठेवावा लागलेला प्रश्न आहे.

७/ ‘समतानंद’ अनंत हरी गद्रे यांनी हाच प्रश्न झुणका-भाकरीच्या सहभोजनांतून भिडवला. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, तेव्हा पदार्थ लोकांच्या ओळखीचा होता. त्यामागची समतेची चळवळ मात्र फारशी कोणाला आठवली नाही.

८/ आता उपनगरांकडे येऊ. १९५० आणि १९५७ च्या विस्तारांत अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत आली. लालबहादूर शास्त्री मार्गालगत आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागोमाग खाणावळीही आल्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. पुढे उपनगरांतलेही अनेक कारखाने बंद पडले आणि त्या जागी मॉल व मनोरे आले.

९/ आज त्याच मॉलमध्ये पितळी ताट, मातीची भांडी आणि भिंतीवर रंगवलेली चूल दाखवून ‘गावरान’ जेवण विकले जाते. त्यात गैर काही नाही. चांगल्या स्वयंपाकाला चांगला दाम मिळालाच पाहिजे. आक्षेप आहे तो एवढाच, की या सजावटीत गाव दिसते आणि शहर गायब होते. खाणावळीची खरी वारसदार खाली गल्लीत आहे: मुलुंड-बोरिवलीतील पोळी-भाजी केंद्र आणि घरून डबे देणारी बाई. डबेवाल्यांची कीर्ती जगभर गेली. डबा भरणारीचे नाव डब्यावरही नसते.

१०/ व्हिएन्नाची कॉफीगृह-संस्कृती २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत गेली. सिंगापूरच्या स्वस्त सामूहिक भोजनकेंद्रांची संस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली. तिथे मान मिळाला तो केवळ पदार्थांना नव्हे, तर माणसांनी एकत्र बसण्याच्या रीतीला. मुंबईच्या खाणावळीचा दावा याहून दुबळा नाही.

११/ वारसा यादीची वाट पाहण्याआधी करण्याजोगे काम बरेच आहे. पुनर्विकासात चाळी आणि जुन्या वसाहती पडतात, तेव्हा माळ्यावरच्या वह्या पहिल्यांदा रद्दीत जातात. खाणावळ चालवलेल्या आजी-मावश्या अजून अनेक इमारतींत आहेत. त्यांना विचारावे: महिन्याचा दर काय होता, धान्य कोण उधार देई, संपात किती जणांचे पैसे बुडाले. आणि आणखी एक प्रश्न, जो विचारताना जीभ अडखळेल: पंगतीला कोणाला बसू दिले जात नव्हते? उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत आणि वहीच्या पानांची छायाचित्रे काढावीत. वॉटसन हॉटेलाचा इतिहास सांगायला त्याची इमारत तरी उभी आहे; खाणावळीपाशी तेवढाही आधार नाही.