वजन नको, सेट कमी करा

रग्बी लीग म्हणजे १३-१३ खेळाडू आणि ८० मिनिटं नुसती टक्कर. प्रत्येक टॅकल झाला की बचाव करणाऱ्यांनी १० मीटर मागे पळायचं आणि परत पुढे धडकायचं. ताकद लागणार हे उघडच आहे. वाद आहे तो सीझनमधल्या व्यायामाचा.

ऑस्ट्रेलियातली एनआरएल मार्च ते ऑक्टोबर चालते. एवढे महिने मॅचेस म्हटल्यावर सल्ला मिळतो, "आता हलकी वजनं घ्या, रेप्स वाढवा." मला हे साफ उलटं वाटतं. जड वजन उचलताना मेंदू स्नायूंचे जास्तीत जास्त तंतू एकदम कामाला लावतो. ही सवय हलक्या वजनावर तेवढी टिकत नाही. आणि अंग मोडतं ते बहुतेक वेळा सेट्सच्या ढिगामुळे. मग स्क्वॉटचे पाचऐवजी दोनच सेट मारा, तीन-तीन रेप्सचे, मध्ये तीन-चार मिनिटं निवांत बसा. बारवरचं वजन मात्र जडच ठेवा. फॉर्म बिघडला की थांबा, तिथे हट्ट नको.

कारण सोपं आहे. ऑगस्टमध्ये शंभर किलोचा गडी अंगावर येतो, तेव्हा खांदा आणि गुडघा आपलाच पणाला लागलेला असतो. सीझन लांबला म्हणून तो काही हलका होऊन येत नाही ना राव!